त्सोन्का आजीच्या नावची पाणपोई

त्सोन्का आजी जानेवारीच्या शेवटी गेली. त्र्याण्णव वर्षांची होऊन, झोपेत, कुणाला तसदी न देता. गावात कुणी गेलं की लागतो तसा तिचा फोटो छापलेला कागद घराच्या फाटकावर, बेकरीच्या भिंतीवर आणि बसथांब्याच्या खांबावर लागला. नेव्याना दिमोवा शाळेत जाता-येता त्या खांबापाशी थांबायची, छातीवर क्रूस काढायची आणि पुढे जायची. पहिल्या आठवड्यात डोळे भरून यायचे. पुढे पुढे मात्र ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायला लागली.

नेव्याना त्या शाळेत इतिहास शिकवायची. जूनमध्ये निवृत्त होणार होती. गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांच्या कितीतरी आधी मन थकलं होतं. त्यातून मार्च महिना म्हटला की तिला आदल्या आठवड्यापासूनच झोप नीट लागायची नाही.

दहा मार्चला गावात समारंभ व्हायचा. बल्गेरियाने आपले ज्यू वाचवले, त्याचा दिवस. नगराध्यक्ष बोलायचे, मुलं गाणं म्हणायची, डॅन्यूबच्या पाण्यात फुलं सोडायची आणि सगळे घरी जायचे. गोष्ट खोटी नव्हती. जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार माणसं १९४३ च्या वसंतात नाझींच्या छावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढता चढता राहिली. पण त्याच महिन्यात, ग्रीसचा आणि मॅसेडोनियाचा जो मुलूख तेव्हा बल्गेरियाच्या ताब्यात होता, तिथले अकरा हजारांवर ज्यू बल्गेरियाच्याच पोलिसांनी घरांतून बाहेर काढले आणि बल्गेरियाच्याच आगगाड्यांत भरले. त्यातले चार हजारांवर गावाच्या या नदीबंदरावर आले. एक-दोन दिवस कुंपणाआड राहिले, मग बोटींत चढले. व्हिएन्नापर्यंत पाण्याने, तिथून पुढे गाडीने पोलंडमधल्या ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत. त्यांच्यातलं कुणी परत आलं, असं नेव्यानाने एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

भाषणात ही दुसरी गोष्ट यायची नाही. अर्धा घास बोलायचा, अर्धा गिळायचा. नेव्याना ती वर्गात सांगायची, आणि ती सांगताना तिच्या मदतीला होती त्सोन्का आजी. गावात कुंपणाआडची माणसं डोळ्यांनी बघितलेलं शेवटचं माणूस. तेव्हा अकरा वर्षांची होती. बावीस वर्षं दर मार्चला नेव्याना तिला हाताला धरून वर्गात आणायची, खुर्चीवर बसवायची, आणि आजी सांगायची की कुंपणाआडच्या तहानलेल्या माणसांना आपण पाणी कसं दिलं. मुलांचा पुस्तकावर विश्वास नसतो, सुरकुतलेल्या हातावर असतो. आजी बोलायला लागली की मागच्या बाकावरचे मोबाइलसुद्धा खिशात जायचे.

फेब्रुवारीच्या अखेरीस आजीचा मुलगा ल्यूबेन नेव्यानाच्या घरी आला. साठीला टेकलेला, बंदरावर क्रेन चालवून रुंद झालेला माणूस. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे यायला दार वाजवावं लागत नसे. आईच्या आत्म्यासाठी बंदराच्या उतारावर दगडी पाणपोई बांधायची ठरवल्याचं त्याने सांगितलं. नगरपालिकेने नळजोडणी कबूल केली होती, पाथरवट ठरला होता. मजकूर तेवढा हवा होता.

"ताई, तुमच्याइतकं नीट कोण लिहिणार? आईने ज्यूंना पाणी दिलं एवढं आलं पाहिजे. आईचा चाळिसावा दिवस नेमका दहा तारखेला येतोय, बघा. देवाच्याच मनात असणार."

नेव्याना बरं म्हणाली. नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तो गेल्यावर तिने देवापुढचा दिवा लावला, आणि नेहमीची प्रार्थना तीन वेळा सुरू करून तिन्ही वेळा अर्ध्यात विसरली.

शनिवारी दुपारी ती शाळेत गेली. इतिहासाच्या कपाटात, जुन्या नकाशांच्या मागे, एक कॅसेट होती. बावीस वर्षांपूर्वी, आजीला पहिल्यांदा वर्गात आणण्याआधी, नेव्यानाने तिच्या स्वयंपाकघरात बसून तिचं बोलणं टेप केलं होतं. संगीताच्या खोलीतला टेपरेकॉर्डर अजून चालत होता. कॅसेटवर काय आहे ते तिला ठाऊकच होतं. तरी तिने ती लावली आणि कोट न काढताच बाकावर बसली.

एकाहत्तर वर्षांच्या त्सोन्काचा ठणठणीत आवाज आला. थंडी होती, म्हणाली. तारेपलीकडे माणसंच माणसं. पोलीस आपलेच, आपल्याच भाषेत शिव्या देणारे. आम्ही पोरं विहिरीवरून बादल्या नेत होतो.

"तारेपलीकडे एक बाई होती, कडेवर पोर. पोराच्या पायात तांबडे बूट, नवेकोरे. माझ्या धाकट्या बहिणीला बूट नव्हते. मी म्हटलं, बूट दे. तिला भाषा कळली नाही, पण बोट कळलं. तिने काढून दिले. मी अर्धी बादली दिली. सगळी नाही दिली. उरलेली पुढच्या बाईसाठी ठेवली. तिच्या कानात डूल होते."

मग टेपवर बराच वेळ नुसती चुलीवरच्या किटलीची वाफ ऐकू येत होती. मग आजी म्हणाली, बूट बहिणीने दोन हिवाळे घातले, मग तिला आखूड झाले.

त्यापुढे जे होतं ते ऐकायचं नेव्यानाच्या जिवावर आलं होतं. तिथे तिचा स्वतःचा आवाज होता, चाळिशीतला, मऊ, समजूतदार.

"आजी, तेवढं मुलांसमोर नको. लहान आहेत हो."

"मग काय सांगू?"

"पाणी दिलंत एवढंच सांगा. ते खोटं थोडंच आहे?"

नेव्यानाने कळ दाबली. खोटं नव्हतंच. पहिल्या वर्षी आजीने तेवढंच सांगितलं, अडखळत, मान खाली घालून, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वर्षी गोष्टीत तिची आई आली आणि म्हणाली, दे पोरी, पाण्याला नाही म्हणू नये. सातव्या-आठव्या वर्षी गोष्टीत पोलिसाने तिला थोबाडीत मारली आणि तरी तिने बादली सोडली नाही. शेवटी शेवटी तर सगळं गाव रांगेने बादल्या घेऊन उभं होतं. आजी खोटं बोलतेय असं नेव्यानाला कधी वाटलं नाही. म्हातारीला ते तसंच आठवायला लागलं होतं. टाळ्यांच्या उजेडात माणसाला नको ते दिसत नाही. पण नेव्याना तर मागच्या बाकावर हजेरीपट घेऊन बसलेली असायची. तिला सगळं दिसत होतं. आता सांगू, पुढच्या वर्षी सांगू, म्हातारीला या वयात काय दुखवायचं, असं करता करता बावीस मार्च महिने गेले. तिच्याच हाताखालून गेलेला एक विद्यार्थी आता नगरपालिकेत होता, त्याने पर्यटकांच्या माहितीपत्रकात छापलं होतं: तहानलेल्यांना पाणी देणारं गाव.

आणि आता ते दगडात जाणार होतं. कागद फाटतो, फलक गंजतो. दगड वाचून पुढची पोरं काय ते शिकणार होती.

ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू झाला होता. बिनतेलाचं घेवड्याचं सूप आणि पाव. दर वर्षी नेव्याना उपवासाच्या जोडीला एखादा नेम धरायची, आणि या वर्षी नेम होता कुणाबद्दल वाईट न बोलण्याचा. रविवारी प्रार्थना झाल्यावर तिने फादरना गाठलं आणि नाव न घेता विचारलं. मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं नाहीतर काही बोलू नये, असं ते म्हणाले, आणि मेणबत्त्यांचे थेंब खरवडत राहिले. ती वळली तेव्हा मागून म्हणाले, दुसऱ्याचं पाप सांगायला तुला कुणी सांगितलंय? आपलं सांग की.

ती रात्रभर त्या वाक्याची घडी घालत आणि उलगडत राहिली.

मुख्याध्यापिका इस्क्राबाई वयाने तिच्यापेक्षा पुष्कळ लहान, कामाला वाघ. नेव्यानाने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, नववीच्या वर्गात मी कॅसेट लावणार आहे, मी काय चूक केली ते सांगणार आहे. इस्क्राबाईने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली की तीन महिने राहिलेत, नेव्यानाबाई, केक कापून घरी जा. नेव्याना जागची हलली नाही तेव्हा ती खुर्ची जवळ ओढून बसली.

"लोकांचं सोडा. पण हे सगळं झालंच नाही म्हणणारे किती वाढलेत, तुम्हाला माहितेय. आपली साक्षीदार खरं सांगत नव्हती हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगणार? आयतं कोलीत देताय त्यांच्या हातात."

हे नेव्यानाला सुचलं नव्हतं असं नाही. त्याचीच तर भीती होती. बावीस वर्षं जे शिकवलं ते टिकवायला जावं तर खोटं टिकत होतं, आणि खोटं काढायला जावं तर त्याबरोबर खरंही उपटून येईल की काय, असं वाटत होतं. ती म्हणाली, बघू. इस्क्राबाईने डोक्याला हात लावला, पण दार उघडून दिलं.

ल्यूबेनला तिने भिंतीवरून हाक मारली. मजकुराचं बोलायचंय, पण आधी बुधवारी दुसऱ्या तासाला वर्गात ये, एवढंच सांगितलं. तो दाढी करून, लग्नाकार्याचा कोट घालून आला. आईचं कौतुक होणार या समजुतीने. तो कोट बघून नेव्यानाने त्याला बाहेर व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाली, आत जे ऐकशील ते आधी तुला एकट्याला ऐकवायला हवं होतं, माझ्यात तेवढा धीर नाही, हवं तर ऐकू नकोस. तो काही न समजता हसला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. बाक त्याला पुरत नव्हता.

नेव्यानाने मुलांना आधी मोबाइलवरची गेल्या वर्षीची आजी दाखवली. मग कॅसेट लावली, शेवटपर्यंत, स्वतःच्या आवाजासकट. मग फळ्याकडे न वळता, टेबलाला धरून उभी राहून, म्हणाली की ही चूक आजीची नाही. अकरा वर्षांच्या मुलीने जे केलं ते तिने मला न लपवता सांगितलं होतं. लपवायला मी शिकवलं. तुमच्या आधीच्या बावीस वर्गांना मी चुकीचं शिकवलं.

खालच्या मजल्यावरचा खेळाचा तास ऐकू येत होता. मागच्या बाकाकडे बघायची तिची छाती झाली नाही.

बोलली ती मिगलेना. पंधरा वर्षांची, जिभेने तिखट, वर्गात सगळ्यात हुशार. तिचा मामा दिवसरात्र फोनवर काय काय बघायचा आणि जेवताना सगळ्यांना ऐकवायचा.

"म्हणजे बाई, साक्षीदार बनावट निघाली. मामा हेच म्हणतो. एक खोटं निघालं की बाकीचं कशावरून खरं?"

हेच ते कोलीत. इस्क्राबाईचे शब्द नेव्यानाच्या कानात वाजले. तिला एकदम इतका शीण आला की खुर्चीत बसावंसं वाटलं, आणि ती बसली. बसूनच तिने मुलांना विचारलं, दोन्हींत काय काय बदललं ते सांगा. मुलं सांगत गेली. बूट गेले. डूल गेले. आई आली. थोबाडीत आली. गाव आलं. मग तिने विचारलं, काय नाही बदललं? आता उत्तरं हळू आली. तार. आपल्या भाषेतल्या शिव्या. पोरांचं रडणं. काळ्या बोटी. दुसऱ्या दिवशी रिकाम्या आवारात पडलेले पेले.

"मामाला सांग," नेव्याना म्हणाली, "खोटं कुठे वाढलं ते नीट बघा. बावीस वर्षांत आजीने त्या माणसांचे हाल एका शब्दाने वाढवले नाहीत. वाढत गेला तो आपला चांगुलपणा. आणि आजी मुळीच नसती तरी रेल्वेचे कागद आहेत, पोलिसांच्या याद्या आहेत, आपल्याच लिपीत, नावनिशीवार."

"कागदही बनावट करता येतात, बाई."

दोघं-तिघं हसली. नेव्यानालाही किंचित हसू आलं, त्याचा तिलाच अचंबा वाटला.

"येतात ना. म्हणून तर शुक्रवारी याद्या आणते. तू तपास. खोट्या निघाल्या तर मलाही सांग, माझा जन्म सुखात जाईल."

मिगलेनाने खांदे उडवले. पटलं असं ती म्हणाली नाही. पण वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली, आणि तेवढ्यावरच तास संपला.

मुलं गेल्यावर ल्यूबेन उठला. कोटाची बटणं लावायला त्याला फार वेळ लागला. दारापाशी येऊन म्हणाला, "आई तुम्हाला लेकीसारखी मानायची." आणि गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही. शुक्रवारी नेव्यानाने याद्यांच्या छापील प्रती वर्गात वाटल्या. मिगलेनाने एक नाव शोधून काढलं जे आडनावासकट दोन वेळा आलं होतं, आणि ही चूक आहे म्हणून ठासून सांगितलं; मग वयं बघितली तेव्हा ते आजोबा-नातू निघाले. दहा तारखेला नदीत फुलं सोडली गेली. इस्क्राबाईने भाषणात अकरा हजारांचा एक उल्लेख केला, एकच वाक्य, भराभर वाचलेलं, पण केला. नगराध्यक्ष दुसरीकडे बघत होते. पाणपोईचं नाव कुणी काढलं नाही. ल्यूबेन समारंभाला नव्हता; दफनभूमीत आईच्या चाळिसाव्याचे उकडलेले गहू वाटत होता. नेव्याना संध्याकाळी तिथे गेली, तेव्हा थडग्यावर मेणबत्त्या तेवढ्या होत्या. साखर-अक्रोड घातलेल्या गव्हाचा एक पेला झाकून बाजूला ठेवलेला होता. तो कुणासाठी हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिने तो घेतला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मात्र तो आला. दार वाजवून आला, पाहुण्यासारखा. खुर्चीवर टेकला, कॉफी घेणार का विचारलं तर मानेने नको म्हणाला.

मावशी वारून वीस वर्षं झाली, म्हणाला. तिला बुटांचं माहीत होतं की नाही, कुणाला विचारू? मग म्हणाला की तीन दिवस मी पाणपोई नकोच म्हणत होतो. पाथरवटाला फोनसुद्धा केला. त्याने दगड कापून ठेवलाय. नेव्याना म्हणाली, पाणपोई होऊ दे, ल्यूबेन. मजकूर नसला तरी चालेल. उतारावर तहान सगळ्यांनाच लागते.

"नाही," तो म्हणाला. "कोरा दगड बघितला की लोक आपल्या मनाचं लिहितात. तुम्ही लिहा. बूट लिहा, अर्धी बादली लिहा. पण तिचं वय लिहा, ताई. अकरा वर्षांची होती हे लिहायचं विसरू नका."

नेव्यानाने तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलावर, लिहायला घेतलं. तो समोर बसून राहिला. मार्च १९४३, या उताराच्या पायथ्याशी चार हजारांवर ज्यू माणसं कुंपणाआड होती. पहारा आपला होता. अकरा वर्षांच्या त्सोन्काने लेकराच्या बुटांच्या बदल्यात त्यांना अर्धी बादली पाणी दिलं, आणि म्हातारपणी ते खरं सांगितलं. ते खरं इथल्या शाळेने लपवलं. इथे पाणी सगळ्यांना आहे. खाली, नेहमीच्या रीतीने: आईच्या आत्म्यासाठी, मुलगा ल्यूबेन.

शाळेची ओळ वाचताना त्याने एकदा वर बघितलं.

दोघं मिळून पाथरवटाकडे गेले. दगडाच्या धुळीने पांढरा झालेला तो माणूस ओठ हलवत मजकूर वाचत गेला, मग पट्टी घेऊन दगडावर मापं टाकली. म्हणाला, मावत नाही. अक्षर याहून बारीक केलं तर दोन हिवाळ्यांत बुजेल. एक ओळ काढावी लागेल. शाळेची काढा, ती कशाला हवी, असं त्याचं मत पडलं.

नेव्यानाला क्षणभर वाटलं, काढावी. कुणी तिला बोल लावला नसता. तिने कागद हातात घेतला आणि चष्मा शोधायला लागली.

"ती राहू दे," ल्यूबेन पाथरवटाला म्हणाला. "माझं नाव काढ."

पाथरवटाने परत पट्टी लावली. तरीही दोन अक्षरं बाहेर जात होती. तिघं दगडावर वाकले आणि कुठला शब्द आखडता घेता येतो ते बघायला लागले.